आषाढी, सासूबाई आणि पॅटरसनची पोयेरिया

चिंचगूळ (धागाकर्ती)

सासू-सासरे उन्हाळ्यासाठी साताऱ्याहून आलेत. त्यामुळे सध्या आमच्या न्यू जर्सीच्या घरातली पंगत अशी: सासूबाई शाकाहारी. सासऱ्यांना कोंबडी आणि मासे चालतात, पण 'मोठ्याचं' ताटाच्या आसपासही नको. नवरा समोर येईल ते खातो. चिकनखेरीज जगात अन्न आहे हे लेकाला मान्य नाही. आणि कॉलेजातून सुट्टीवर आलेली लेक सध्या व्हीगन. एवढ्यांना एका टेबलाशी बसवेल असं हॉटेल शोधणं हा माझा जुलैचा उद्योग. भारतीय हॉटेलात नेलं तर सासूबाई म्हणतात, हे तर घरीही केलं असतं. इटालियनमध्ये सगळ्यावर चीज, म्हणजे लेक उपाशी. थाईमध्ये फिश सॉस.

त्यात आषाढी आली चार जुलैच्या सुट्टीला लागून. लेकाने पॅटरसनच्या पोयेरियाचा हट्ट धरला. पोयेरिया म्हणजे निखाऱ्यांवर फिरवून भाजलेल्या कोंबडीचं साधं पेरूव्हियन हॉटेल. कागदी रुमाल, भिंतीवर माचू पिचूचा फोटो, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल. पॅटरसनमध्ये पेरूची वस्ती इतकी आहे की त्यांच्या देशाचा कॉन्सुलेटही तिथेच आहे. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही जा, मी साबुदाणा भिजवलाय." म्हटलं, चला तर खरं, गाडीत फराळाचा डबा घेऊ.

डबा उघडलाच नाही. वाढणारी बाई साठीची, इंग्रजी जेमतेम, आमची स्पॅनिश त्याहून जेमतेम. लेकीने शाळेतल्या स्पॅनिशवर सांगितलं की आजीचा देवासाठी उपास आहे. धान्य, कांदा, लसूण, मांस काही नको. बाईंनी दोन सेकंद विचार केला आणि बोटांवर मोजत विचारायला लागल्या. बटाटा? चालतो. रताळं? चालतं. यूका? ते काय, म्हणून आतून एक कंद आणून दाखवला. हा तर कसावा, ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो तोच. चालतो. पाल्ता, म्हणजे अ‍ॅव्होकाडो? इथे सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फळ आहे म्हटल्यावर तोही पास झाला. थोड्या वेळाने मोठं ताट आलं: उकडलेला यूका, उकडलेले पिवळे बटाटे, रताळ्याच्या चकत्या, पाल्ता, मीठ आणि लिंबाच्या फोडी. हिरवी मिरची वेगळ्या वाटीत, नुसती चिरून. त्यांच्या नेहमीच्या सॉसमध्ये लसूण असतो हे बाईंच्या स्वतःहून लक्षात होतं.

बाकीच्यांचं: एक अख्खी कोंबडी, सोबत फ्राइज आणि हिरवा सॉस. मसाल्यात जिरं आणि लसूण असल्याने सासऱ्यांनी पहिल्या घासालाच तिला आपलं म्हटलं. लेकीला अंडं न घालता भाज्यांचा चाउफा, म्हणजे त्यांचा फ्राइड राइस. राजमाही होता, पण विचारल्यावर त्यात डुकराचं मांस निघालं, तो रद्द. शेवटी पिकारोनेस मागवले. लाल भोपळा आणि रताळ्याच्या आंबवलेल्या पिठाची तळलेली कडी, वर चान्काका नावाच्या गुळाचा लवंग घातलेला पाक. सासरे म्हणाले, "हे घारगेच की!" सासूबाईंनी मैदा म्हणून खाल्ले नाहीत, पण वास घेऊन पाकात लवंग जास्त झालीये असा निकाल दिला.

घरातल्या सगळ्यांची तोंडं एकदम चालतील अशी तुमच्या गावातली हॉटेलं कोणती? पेरूव्हियन कोणी खाल्लंय का? 'पेरू'वरचे विनोद आमच्या गाडीत जाता-येता झालेले आहेत, इथे नकोत.

रस्सेदार

एकादशीला कोंबडीच्या दुकानात सासूबाईंना नेणारी सून! हसून हसून पुरे वाट. तुमच्या धाडसाला दंडवत.

गवतीचहा

लेख आवडला, पण एक शंका. त्यांच्याकडे यूका तळून देतात ना? मग त्याच तेलात दुसरं काय तळतात?

चिंचगूळ

@गवतीचहा, हाच प्रश्न मी विचारला. कोंबडी भाजतात, त्यामुळे ती तेलात जात नाही. पण हालेया नावाचा तळलेल्या मासे-कोळंबीचा पदार्थ असतो, तो त्याच कढईत. म्हणून तर सगळं उकडून मागवलं. फ्राइज सगळीकडे सुरक्षित असं समजू नका, विचारा.

आडवाटेचा

कामानिमित्त काही काळ लिमात होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही खाल्लेली ती कोंबडी, पोयो आ ला ब्रासा, ही परंपरागत इंका वगैरे काही नाही. १९५० साली लिमाच्या बाहेर सांता क्लारा इथे रॉजर शूलर नावाच्या स्विस माणसाने ती सुरू केली. त्याचा कोंबड्यांचा धंदा बरा चालत नव्हता. फ्रान्झ उलरिख या दुसऱ्या स्विस गृहस्थाने त्याला एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या फिरतील असं यंत्र करून दिलं. तेव्हा कोंबडीला फक्त मीठ लावायचे. जिरं, लसूण, सोया सॉस, आही पांका ही लाल मिरची हे सगळं पुढे चढत गेलं. सुरुवातीला ती श्रीमंतांनी गाडी काढून जाऊन खायची गोष्ट होती. आता कुठल्याही गल्लीत मिळते, आणि जुलैचा तिसरा रविवार तिच्या नावाने साजरा होतो.

त्या मसाल्यात सोया सॉस कसा आला ते चाउफातच दिसतं. १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. ऊस, कापूस आणि ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, अशा कामांवर. वागणूक गुलामांसारखीच. करार संपल्यावर त्यातले बरेच लिमात आले, खाणावळी काढल्या. चिनी-पेरूव्हियन हॉटेलाला तिथे चीफा म्हणतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एक असतं. लोमो साल्तादो, म्हणजे कांदा-टोमॅटो-सोया सॉसवर मोठ्या आचेला परतलेलं गोमांस, सोबत फ्राइज आणि भात दोन्ही, ही त्याच चिनी कढईची देणगी. तुमच्या सासऱ्यांसाठी पुढच्या वेळी पोयो साल्तादो मागा, तेच सगळं चिकनमध्ये मिळतं.

आन्तीकूचो मात्र चुकूनही मागवू नका. काठीवर लावलेले तुकडे दिसतात चिकन टिक्क्यासारखे, पण ते गाईच्या हृदयाचे असतात. मालक टाकून द्यायचे ते आफ्रिकन गुलामांनी मसाला लावून भाजलं, तिथून तो पदार्थ लोकप्रिय झाला.

शाकाहाऱ्यांसाठी: लिमात "मांस नको" म्हटलं की लोक गोमांस नको असं समजतात आणि प्रेमाने चिकन घालतात. चिकन, मासा, हॅम, सूप कशाचं, हे सुटंसुटं विचारावं लागतं. माझ्यासोबतचे एक जोशी रोज पापा आ ला वांकाइना खायचे. उकडलेला बटाटा, वर आही आमारियो या पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा गार सॉस. वरचं उकडलेलं अंडं ते माझ्या ताटात सरकवायचे.

मिरचीकाकू

@आडवाटेचा, जोशींचा फायदा तुम्हीच उठवलात म्हणायचा. :) बाकी माहिती झकास.

बखरकार

सासूबाईंच्या ताटात आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नाही. बटाटा अँडीज पर्वतातला, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या भागात माणसाळवलेला. रताळं अमेरिकेतलं. कसावा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, त्याचे फार जुने अवशेष पेरूतच सापडलेत. मिरची त्याच खंडातली. राजगिऱ्याचा एक भाऊ अँडीजमध्ये किविचा नावाने पिकतो. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीतून तूप, जिरं आणि मीठ काढलं, तर उरलेली सगळी वाटी पोर्तुगीज जहाजं आल्यानंतरची. आणि ही खिचडी आपण 'पारंपरिक फराळ' म्हणून खातो.

माझा अंदाज: शास्त्राने धान्य वर्ज्य केलं तेव्हा ही पिकं इथे नव्हती, त्यामुळे निषेधाच्या यादीतही नव्हती. नवीन आलं, यादीत नाही, म्हणून चाललं.

वेलदोडा

अंदाज गमतीशीर आहे, पण मग टोमॅटो, मका, फ्लॉवर हेही नंतरच आले. ते का नाही चालत? आणि वरई, शिंगाडा, सुरण, केळी, दूध, ताक हे सगळं जहाजांच्या आधीपासून होतंच की. आमच्या आजीकडे एकादशीला वरई आणि दाण्याची आमटी असायची, साबुदाणा पाहुणे असले तरच.

बखरकार

मका धान्यात मोजला गेला, हे सरळ आहे. टोमॅटोचं उत्तर माझ्याकडे नाही. आमटीतले दाणे मात्र माझ्या बाजूचे. :)

कोचीकर

साबुदाणा तर अजूनच अलीकडचा. मूळ साबुदाणा पूर्वेकडच्या ताडवर्गीय झाडाच्या गाभ्याचा. कसाव्याचा साबुदाणा भारतात मोठ्या प्रमाणावर व्हायला लागला १९४० च्या दशकात, तमिळनाडूत सेलमच्या बाजूला. आम्ही इकडे केरळात कसावा थेट उकडून माशाच्या कालवणाशी खातो, उपासाबिपासाचा संबंध नाही.

सत्संगी

मुद्दा भलतीकडे चाललाय. उपास म्हणजे देवाजवळ बसणं. कोंबड्या फिरताहेत, टीव्ही चालू आहे, अशा जागी बसून कंद खाल्ले म्हणजे एकादशी झाली का? घरी राहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मुलांच्या हट्टापायी मोठ्यांचे नेम मोडायला लावायचे, हे बरं नाही.

चिंचगूळ

@सत्संगी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं: "त्यांना सांग, सातारा-पंढरपूर एसटीत बसून मी एकादशा केल्यात, शेजारचा माणूस उकडलेली अंडी सोलत होता. नातवंडं वर्षाने भेटतात. विठ्ठलाला कळतं." मी यात काही भर घालत नाही.

रस्सेदार

सासूबाईंना आयडी काढून द्या, आम्ही त्यांचेच धागे वाचू.

आडवाटेचा

अवांतर: पॅटरसनच्या त्या बाईंना देवासाठी खाण्याचे नियम लगेच कळले, याचं मला नवल वाटत नाही. ऑक्टोबरात लिमा जांभळी होते. सेन्योर दे लोस मिलाग्रोस, म्हणजे येशूचं एक भित्तिचित्र. १६५१ साली एका अंगोलन गुलामाने मातीच्या भिंतीवर काढलं असं मानतात. १६५५ च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं आणि ती भिंत उभी राहिली. त्याच्या मिरवणुकीला लाखो लोक येतात, बायका महिनाभर जांभळी वस्त्रं नेसतात, नवस बोलतात. मिरवणुकीची वाट बघत रस्त्यावर बसलेल्या लोकांमध्ये मी एक दुपार काढली. पाय दुखायला लागल्यावर शेजारच्या आजीने खायला तुर्रोन दिलं. बडीशेपेच्या वासाचं, थरावर थर, प्रचंड गोड.

देवगडचो झील

सगळा बरा, पण सेविचे कोणी खाल्ला काय? माका कामावरल्यांनी नेलो. बांगड्याच्या देशातलो माणूस मी, पण मासो चुलीर न ठेवता ताटात? लिंबाच्या रसात भिजवलो म्हणे की झालो. पांढरो पडलेलो खरो, वास पण ताजो होतो. दोन घास गिळलंय आणि बाजूचा रताळा खाल्लंय.

मिरचीकाकू

अरे, मी तर वाटीतला रसही पिते! त्याला 'वाघाचं दूध' म्हणतात.

डॉ_हळदकुंकू

सेविचेबद्दल थोडं, कारण हा धागा वाचून कोणी घरी करायला जाईल. लिंबाच्या आम्लाने माशातली प्रथिनं गोठतात, म्हणून मांस पांढरं आणि घट्ट दिसतं. त्याने जंतू आणि कृमी मरतीलच असं नाही. उष्णतेचं काम आम्ल करत नाही. म्हणून मासा विश्वासू ठिकाणचा, खाण्याआधी नीट गोठवलेला असावा, आणि गरोदर बायका, लहान मुलं, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी टाळावं. १९९१ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरून कॉलऱ्याची मोठी साथ सुरू झाली तेव्हा कच्च्या माशावर संशय गेला आणि लोकांनी सेविचे खाणं सोडलं होतं. कोळ्यांचे धंदे बसले. दूषित पाण्याचा त्या साथीत मोठा वाटा होता, तो सहज विसरला जातो.

आडवाटेचा

डॉक्टरांना दुजोरा. एक भर: लिमात सेविचे दुपारचं खाणं. सकाळी उतरलेला मासा दुपारी संपवायचा, या हिशोबाने बऱ्याच जुन्या सेविचेरिया संध्याकाळी बंद असतात. पूर्वी मासा लिंबात तासन्‌तास ठेवायचे, आता काही मिनिटं. तो बदल जपानी स्वयंपाक्यांमुळे आला असं तिथले लोक सांगतात. जपानी लोक १८९९ पासून पेरूत आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सेविचेला वारशाच्या यादीतही घेतलं.

पठारावरचा

बटाट्याचा विषय निघालाय म्हणून. आमचं आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार. पावसाळी बटाटा हे आमचं पीक, बराचसा वेफर्सवाल्यांकडे जातो. आमच्याकडे बटाटा म्हटलं की दोन-तीन वाण, तेवढ्यावरच सगळा तालुका. लिमाजवळ आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे, १९७१ मध्ये स्थापन झालेलं. अँडीजमध्ये देशी बटाट्याचे चार हजारांहून जास्त प्रकार आहेत असं ते सांगतात. जांभळे, काळे, आतून लाल रेघांचे. करप्याला तोंड देणारे गुण त्यातल्या रानटी नातेवाइकांत शोधतात. एका पावसात करपा आला की आमचं पठार कसं पिवळं पडतं ते पाहिलेल्याला ह्या हजारोंची किंमत कळते. चिंचगूळताई, ते पिवळे बटाटे कोरडे, भुसभुशीत होते का चिकट?

चिंचगूळ

@पठारावरचा, कोरडे. काट्याने दाबला की पीठ होत होतं. सासूबाईंनी मीठ-लिंबू लावून हातानेच खाल्ले.

पठारावरचा

मग वेफर्सचे नव्हेत, कुस्करायचे. त्यांच्या कावसा नावाच्या बटाट्याच्या पदार्थाला तसलेच लागतात असं वाचलंय.

कोथिंबीरवडी

कावसा मी पुण्यात करून पाहिलाय! बटाटे गरम असतानाच किसून घ्यायचे, मिक्सरमध्ये नाही, गोंद होतो. त्यात लिंबू, तेल, मीठ आणि मिरचीचं वाटण. आही आमारियो इथे मिळत नाही, म्हणून पिवळी ढोबळी मिरची भाजून साल काढून तिच्यात हिरवी मिरची वाटली. रंग येतो, ती फळासारखी चव येत नाही. खाली बटाट्याचा थर, मध्ये पाल्ता आणि काकडी, वर पुन्हा बटाटा. गारच खायचा. नवऱ्याने विचारलं, वड्याचं सारण फ्रीजमध्ये का ठेवलंय.

हिरव्या सॉसची कृती कोणी देईल का?

मिरचीकाकू

आमच्या व्हर्जिनियात पोयेरियांचा सुकाळ आहे, त्यामुळे हा सॉस घरी नेहमी असतो. बिया काढलेल्या हालापेन्यो मिरच्या चार, कोथिंबीर मोठी जुडी देठांसकट, लसूण दोन पाकळ्या, थोडं पांढरं खारट चीज, लिंबू, मीठ आणि चार चमचे मेयोनीज. सगळं वाटा. अंडं नको असेल तर मेयोऐवजी घट्ट दही किंवा भिजवलेले काजू. खरा वास वाकाताय या पाल्याचा, तो आपल्या झेंडूच्या कुळातला. लॅटिन दुकानात काचेच्या बाटलीत वाटून मिळतो, एक चमचा पुरे. जास्त झाला तर औषध लागतं. पुण्यात हालापेन्योऐवजी जाड पोपटी मिरची, सुरुवातीला दोनच घाला.

वेलदोडा

आणि ते पिवळं पेय? मुलांनी मागवलं असेलच.

चिंचगूळ

इंका कोला. मागवलं. पिवळंधम्मक, बबलगमच्या वासाचं. १९३५ पासूनचं आहे म्हणे, आणि त्यात लेमन व्हर्बिना या पाल्याचा स्वाद असतो. लेकाने दोन बाटल्या संपवल्या, सासऱ्यांनी एक घोट घेऊन ग्लास परत सरकवला. लेकीने चिचा मोरादा घेतलं, जांभळ्या मक्याचं, ते जास्त चांगलं. मका म्हणून सासूबाईंना नाही चाललं. द्वादशीला घरी केलं: सुका जांभळा मका, अननसाची सालं, दालचिनी, लवंग, पाऊण तास उकळायचं, गाळायचं, गार झाल्यावर साखर आणि लिंबू. लिंबू पिळताच जांभळा रंग लालसर होतो, तो प्रकार सासऱ्यांनी तीनदा करून पाहिला.

गवतीचहा

रविवारी आम्हीही चाललोय, सासरे-सासूबाईंना घेऊनच. गाडी कुठे लावायची? आणि यूका घरी करायचा तर कच्चा आणू की गोठवलेला?

चिंचगूळ

मार्केट स्ट्रीटवर रविवारी जागा मिळणं कठीण, मागच्या गल्ल्यांत पाहा. बाराच्या आत पोचा, साडेबारानंतर चर्चमधून सुटलेली कुटुंबं येतात आणि रांग दाराबाहेर जाते. जवळच पसेइक नदीचा ७७ फुटी धबधबा आहे, जेवणाआधी तो बघून या, नंतर सासऱ्यांना चालवत नाही.

यूका गोठवलेलाच घ्या, सोललेला असतो. कच्चा कधीच खायचा नाही, त्यात विषारी द्रव्य असतं, शिजवल्याशिवाय जात नाही. मिठाच्या पाण्यात काटा सहज जाईपर्यंत उकडा, मधली दोरीसारखी शीर काढून टाका, मग हवं तर तळा. तुपात जिरं आणि हिरवी मिरची टाकून परतला तर दाण्याचं कूट विसरू नका.